डोळ्यात नको, अंगठ्याला हव्या

माझ्या मोठ्या भावाच्या डाव्या डोळ्यात नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढत होत्या. त्याच वेळी त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावरची जखम भरत नव्हती, कारण तिथे हव्या असलेल्या रक्तवाहिन्या वाढत नव्हत्या. दोन्हींचं मूळ एकच, जुना मधुमेह.

ठाण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी दादाच्या शेजारच्या खुर्चीवर होते. माझ्यासारख्या वर्तमानपत्रात नोकरी केलेल्या माणसाला ऐकलेलं वाक्य सहसा दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. मी ते विचारलं.

डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर दादाच्या डोळ्याच्या आतला फोटो लावला. नारिंगी गोल, त्यात एक फिकट ठिपका आणि त्या ठिपक्यातून निघून पसरलेल्या लाल रेघा. रेघा प्रत्येकाच्याच डोळ्यात असतात. दादाच्या डोळ्यात एका ठिकाणी त्यांना बारीक केसांच्या गुंत्यासारखा झुबका फुटला होता. डोळ्याच्या मागच्या पडद्याला प्राणवायू कमी पडला की तो एक प्रथिन सोडतो, डॉक्टर म्हणाल्या. त्या प्रथिनाचा अर्थ एवढाच, की इकडे रक्त पाठवा. मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण त्या घाईत बांधलेल्या असतात, भिंती कच्च्या. कधीही फुटू शकतात. फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं आणि दृष्टी जाऊ शकते.

"आणि अंगठा?" मी विचारलं.

"तिथेही हाक जायला हवी. तिथे ती नीट जात नाही, किंवा गेली तरी उत्तर येत नाही. एकाच माणसाच्या शरीरात डोळ्यात जास्त आणि पायात कमी, असं का, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही."

डोळ्यावरचा उपाय होता इंजेक्शन. ते औषध हाक देणारं प्रथिन पकडून ठेवतं, झुबका आक्रसतो. इंजेक्शन डोळ्यातच द्यायचं, भूल देऊन, आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त वेळा. डॉक्टरांचं म्हणणं होतं, याच आठवड्यात पहिलं घ्या. डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा धागे दिसले तर त्याच दिवशी या.

"सांगतो," दादा म्हणाला.

बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला थांबून त्याने चष्मा पुसला. "डोळ्यात सुई," तो म्हणाला. "उघड्या डोळ्यात. कळतंय ना तुला काय म्हणाली ती?"

दादा कोपरला राहतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात तो गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होता आणि तिथूनच निवृत्त झाला. आलेला कच्चा माल आणि निघालेला तयार माल तपासून पास किंवा नापास करायचा, हे त्याचं काम. त्याच्या सहीशिवाय पिंप हलायचं नाही. निवृत्तीनंतरही तो दुधाची पिशवी उजेडात धरून बघतो आणि वहिनी म्हणते, "पास झालं असेल तर तापवू का?"

त्याची मुलगी, माझी भाची, कल्याणच्या एका महाविद्यालयात पीएचडी करते. तिचा विषय आहे झाडाच्या खोडावर उगवणारी एक टणक अळंबी आणि तिच्यातल्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांच्या वाढीवर होणारा परिणाम. विषय ऐकायला लांबचा वाटतो. सुरुवात मात्र माझ्या इमारतीच्या आवारात झाली. वर्तकनगरला आमच्या वसाहतीत एक म्हातारा गुलमोहर आहे. त्याच्या बुंध्याशी दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी एक फळी बाहेर येते. लाखेच्या बांगडीसारखा चकाकता तांबडा रंग, कडेला पांढरी किनार. आम्ही सगळे ती वर्षानुवर्षं बघत होतो. कचरा टाकायला जाताना त्यावर कोणी पायही देत असे. भाची जेवायला आलेली असताना तिने ती पाहिली आणि जेवण तसंच टाकून खाली गेली. सुरीने ती निघेना, इतकी टणक. तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "अगं, कुत्र्याची छत्री कशाला नेतेस घरात? विषारी असते."

"विषारी नाही काकू. झाडाला खाते ती. माणसाला नाही."

"मग माणसाने तिला कशाला खायचं?"

या प्रश्नाचं उत्तर भाचीने तेव्हा दिलं नाही. पुढे अनेक महिने ती तेच शोधत होती.

तिने मला समजावलं ते असं. चीन आणि जपानमध्ये ही अळंबी फार पूर्वीपासून औषध म्हणून उकळून पितात. तिच्यात मुख्यतः दोन प्रकारची द्रव्यं आहेत. काही कडू, ती मद्यार्कात उतरतात. काही साखरेच्या लांब साखळ्या, त्या गरम पाण्यात उतरतात. प्रयोगशाळेत यातली काही द्रव्यं नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखताना दिसली आहेत. कर्करोगाच्या गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून संशोधकांना त्यात रस. पण काही अळंब्यांच्या अर्कांनी उंदरांच्या जखमा लवकर भरल्याच्याही नोंदी आहेत, म्हणजे तिथे उलट परिणाम. बुरशीला रक्त नाही, हृदय नाही, एकही रक्तवाहिनी नाही. ती लाकूड कुजवून जगते. आणि तिने स्वतःच्या कामासाठी बनवलेलं द्रव्य एखाद्या प्राण्याच्या अंगात गेलं की रक्तवाहिन्या त्याला प्रतिसाद देतात, थांबतात किंवा वाढतात. हे मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विश्वास ठेवायला वेळ लागला. अजूनही गुलमोहराजवळून जाताना पाय आपोआप बाजूला पडतो.

हे सगळं ती तपासत होती कोंबडीच्या अंड्यांवर. उबवायला ठेवलेल्या अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर गाळणकागदाची टिकली ठेवायची, टिकलीवर अर्काचा थेंब, आणि खिडकी चिकटपट्टीने बंद करायची. पुढे बघायचं, टिकलीभोवतीच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं. फलित अंडी ती बदलापूरच्या बाजूच्या एका कुक्कुटपालन केंद्रातून आणायची आणि कधी कधी महाविद्यालय बंद झालं की ती रात्रभर घरी ठेवावी लागायची. दादाचं घर शाकाहारी. वहिनी आजही केकच्या डब्यावरचा हिरवा ठिपका बघून मगच केक घेते.

"आमच्याकडे अंडं चालत नाही," ती पाहुण्यांना सांगायची, "पण घर अंड्यांवर चाललंय. ती बघा, गॅलरीत दुलई पांघरून बसलीयेत. मला कोणी कधी एवढं पांघरलं नाही."

दादाला मुलीचा भयंकर अभिमान. तिचा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा त्याने त्याच्या प्रती काढून जुन्या सहकाऱ्यांना वाटल्या. त्यातल्या किती जणांनी वाचला माहीत नाही. दादाने वाचला, पेन्सिल घेऊन, संदर्भांसकट.

तर इंजेक्शनचा आठवडा उलटून गेला आणि वहिनीचा फोन आला. "वन्सं, जरा येऊन जा. ह्यांनी औषध सुरू केलंय."

"इंजेक्शन घेतलं?"

"इंजेक्शन कुठलं! मुलीच्या अळंबीची पावडर खातायत."

मी संध्याकाळी कोपरला पोचले तेव्हा दादा गॅलरीत पाय स्टुलावर ठेवून बसला होता. अंगठ्यावर पट्टी. शेजारी तपकिरी पावडरीची बरणी, चमचा आणि पाण्याचं भांडं. त्याने मला बसायला सांगितलं आणि कोणी न विचारता बाजू मांडायला सुरुवात केली.

"डॉक्टर काय म्हणाली? नव्या रक्तवाहिन्या थांबवायच्या. हिच्या निबंधात काय आहे? हा अर्क नव्या रक्तवाहिन्या थांबवतो. मग?"

"मग काय?"

"मग सुई कशाला? आणि कुठूनही आणली नाही हं. तिघा विक्रेत्यांकडे तपासणीचे दाखले मागितले. दोघांनी दिलेच नाहीत. याने दिला. शिसं, पारा, आर्सेनिक, सगळं मर्यादेत. ओलावा बरोबर. बुरशी..." इथे तो स्वतःच थांबला, "म्हणजे दुसरी बुरशी, नाही. मी स्वतः पास केलाय माल."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "साखर तपासायला सुई टोचतात तेव्हा माझा हात धरतात. डोळ्याचं तर सोडाच. ते सांगा की वन्संना."

"तू मध्ये बोलू नकोस."

"बरं. मी मध्ये नाही बोलत. बाजूला बोलते."

त्याचं वाचन चुकीचं नव्हतं. डॉक्टरांचं वाक्य बरोबर होतं आणि निबंधातलं वाक्यही बरोबर होतं. त्याने दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली आणि मधला पूल स्वतःच बांधला. आयुष्यभर त्याच्या कामात एक नियम होता: माल शुद्ध निघाला की पास. तो माल पुढे कोणत्या भट्टीत जाईल आणि तिथे काय होईल, हे बघणं त्याच्या टेबलावर कधी आलंच नव्हतं.

भाची आली ती खांद्यावरची पिशवी न उतरवताच. वहिनीने तिलाही फोन केला होता. तिने बरणी उचलली, झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावलं.

"बाबा, कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"बाबा, तो माझा थीसिस आहे. प्रिस्क्रिप्शन नाहीये ते!"

"तू चुकीचं लिहिलंयस का?"

"नाही."

"मग?"

ती चिडली होती आणि घाबरलीही होती, आणि तिच्या आवाजात हे दोन्ही वेगळं ऐकू येत नव्हतं. मग ती म्हणाली, "मी टिकलीवर थेंब ठेवते, थेट पडद्यावर. तुम्ही गिळताय. पोटातून किती पुढे जातं, डोळ्यापर्यंत काय पोचतं, मला माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही. आणि यात रक्त पातळ करणारंही काही असू शकतं, असं वाचलंय मी. तुमच्या डोळ्यात फुटायला आलेल्या वाहिन्या आहेत, बाबा. आणि समजा पोचलं. समजा खूप पोचलं. मग अंगठ्याचं काय? तिथे तर नव्या वाहिन्या हव्यात. पावडरीला कुठे कळणार, हा डोळा आणि हा पाय?"

दादाने बरणी तिच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाला, "दाखव."

"काय?"

"तुझा प्रयोग. वाचलाय, बघितला नाहीये. नुसत्या निबंधावर मी कधी माल पास केला नाही, नापासही केला नाही."

"पावडर बंद करा, मग दाखवते."

"बघितल्यावर ठरवतो."

"अहो, ती सांगतेय ना," वहिनी म्हणाली. त्याने बरणी मात्र वहिनीच्या हातात दिली. तेवढीच तडजोड झाली.

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी दादा, भाची आणि मी असे तिघं कल्याणला गेलो. महाविद्यालयाची ती खोली वरच्या मजल्यावर, एका बाजूला कागदपत्रांची कपाटं, दुसऱ्या बाजूला उबवणयंत्र. त्याची काच आतून दमटलेली. दादा आत शिरला आणि लगेच बदलला. चष्मा नीट केला, हात मागे बांधले, टेबलावरच्या बाटल्यांवरची लेबलं वाचली. एकावर तारीख नव्हती.

"ही कोणाची?"

"बाबा, ती पाण्याची आहे."

"पाण्यालाही तारीख लागते."

भाचीने पहिलं अंडं काढलं. खिडकीवरची चिकटपट्टी सोडवली आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्याला संगणकाचा पडदा जोडलेला होता, त्यामुळे मलाही दिसलं. मला अपेक्षा होती पिवळ्या बलकाची. बलक होताच, पण त्यावर एक लाल जाळं पसरलेलं होतं. ओहोटीला कोपरच्या खाडीतलं पाणी उतरतं तेव्हा चिखलात पाण्याच्या फांद्या उरतात, मोठीला मधली, मधलीला बारीक, आणि शेवटी इतकी बारीक की चिखल कुठे संपला कळत नाही, तसं. फरक एवढाच की हे जाळं हलत होतं. त्यात रक्त वाहत होतं.

मध्ये गाळणकागदाची पांढरी टिकली. तिच्याजवळ येणाऱ्या वाहिन्या थांबल्या होत्या. एक तर टिकलीच्या कडेपर्यंत येऊन वळून गेली होती. कोणी हात करून अडवावं आणि माणसाने वाट बदलावी, इतकं ते स्पष्ट होतं.

"बघ!" दादा मला म्हणाला. "बघ, थांबल्या. हिने काही खोटं लिहिलेलं नाही."

"मी कुठे म्हणाले खोटं आहे?" भाची म्हणाली आणि तिने दुसरं अंडं ठेवलं. त्यात अर्काची मात्रा जास्त होती. जाळं फिकटलेलं, मधूनमधून तुटलेलं. हलणारं काही नव्हतं.

"हे?"

"हे गेलं. टिकलीपुरतं राहिलं नाही. सगळीकडच्या थांबल्या."

दादा बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग त्याने तोच प्रश्न विचारला जो तो चाळीस वर्षं विचारत आला असावा. "आणि काहीच न घातलेलं कुठे आहे?"

तिसरं अंडं तिने सावकाश काढलं. तेच सगळ्यात लहान वयाचं होतं, ती म्हणाली, पण बघायला तेच चांगलं. त्यात जाळ्याच्या मधोमध, अर्धवट वाळलेल्या तांदळाच्या कणीसारखा एक वाकडा जीव होता आणि त्याच्या पोटाशी मोहरीएवढा लाल ठिपका. तो ठिपका उघडत होता आणि मिटत होता. अजून त्याला डोळा नीट नव्हता, पंख नव्हते, पिसं नव्हती. हृदय मात्र कामाला लागलं होतं. प्रत्येक ठोक्याला जाळ्याच्या अगदी टोकापर्यंतची रेघ हलकेच थरारत होती. वाहिन्या आधी, बाकीचं सगळं नंतर. हा क्रम मला माहीत नव्हता. मी पडद्यावरून नजर काढून खरंच समोर ते अंडं आहे का, हे पाहिलं. साधं पांढरं अंडं होतं. दुकानात असतं तसंच.

"मला यातून बघू दे," दादा म्हणाला. त्याला पडद्यावर समाधान नव्हतं.

त्याच्या काळातल्या प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शकाला एकच नळी असायची. शिकवण अशी होती की डावा डोळा नळीला लावायचा आणि उजवा उघडा ठेवून कागदावर लिहायचं. आता समोर दोन नळ्या होत्या. त्याने सवयीने फक्त डाव्या नळीला डावा डोळा लावला.

काही क्षण गेले. "सुंदर," तो म्हणाला. मग, "हे काळे धागे कसले?"

"कुठे?"

"हे. हृदयाच्या वर. शेवाळासारखे लोंबतायत."

भाचीने पडद्याकडे पाहिलं. मीही. पडद्यावर तेच अंडं होतं आणि त्यात काळं काही नव्हतं.

"धागे नाहीत, बाबा."

"आहेत. अंडं जरा फिरव."

तिने अंडं किंचित फिरवलं. पडद्यावर जाळं फिरलं.

"अंडं फिरलं. धागे तिथेच," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी कामातला होता. मग त्याने डोळा थोडा हलवला, पुन्हा स्थिर केला. "डोळ्याबरोबर हलतायत." मग त्याने उजवा डोळा लावला आणि लगेच बाजूला झाला. "यातून नाहीत."

खोलीत उबवणयंत्राचा बारीक आवाज येत होता.

"नमुना स्वच्छ आहे," दादा म्हणाला. "दोष उपकरणात आहे."

मला समजायला अर्धा क्षण लागला. भाचीला तेवढाही लागला नाही. तिने अंडं परत उबवणयंत्रात ठेवलं, हात पुसले आणि फोन काढला. दादा मात्र खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी गुडघे धरले.

"सकाळी दाढी करताना दिसले होते," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "वाटलं आरशाला पाणी लागलंय."

कल्याणहून आम्ही गाडी करून थेट ठाण्याला निघालो. दुर्गाडीच्या पुलावर रहदारी तुंबली होती. भाची पुढे बसून डॉक्टरांशी बोलत होती: हो, आजच दिसलं; हो, थोडेच; नाही, अंधार नाही; हो, एक पावडर घेत होते, बंद केलीय. शेवटचं वाक्य बोलताना तिने मागे वळून बघितलं. दादाने मान हलवली.

एकदा तो तिला म्हणाला, "तू मला ओरडली असतीस तर मी आणखी आठवडाभर खाल्ली असती."

"माहितेय."

"मग ओरडलीस का नाहीस?"

"ओरडले होते बाबा. तुम्ही दाखला दाखवत होतात."

डॉक्टरांनी तपासलं. झुबक्याच्या एका टोकाने थोडं रक्त सोडलं होतं, मोठं नव्हतं. पावडरीमुळे झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. पावडर न घेताही हे होऊ शकलं असतं, कारण उपचार सुरूच झाले नव्हते. मी हे इथे जसंच्या तसं नोंदवते. पावडरीवर ठपका ठेवायला पुरावा नव्हता. इंजेक्शन न घेतल्याचा परिणाम मात्र समोर होता.

त्याच दुपारी इंजेक्शन ठरलं. आत जाताना दादाने वहिनीला फोन लावला. ती कोपरहून निघाली होती, पण पोचली नव्हती. "हात धरायला कोणी नाही," तो म्हणाला, आणि हे गमतीत म्हणाला की नाही ते कळलं नाही. भाचीने विचारलं, तिने आत यावं का. परिचारिका म्हणाल्या, आत कोणालाही येता येत नाही. मग परिचारिकांनीच त्याचा हात धरला आणि दार लागलं.

तो बाहेर आला तेव्हा डोळ्यावर पारदर्शक टोपण होतं. चेहऱ्यावर अपेक्षेपेक्षा वेगळं काहीतरी होतं. भीती गेलेली होती, पण सुटकाही नव्हती. कुतूहल होतं.

"दुखलं?" वहिनीने विचारलं. ती नुकतीच पोचली होती आणि अजून धापा टाकत होती.

"दाबलं तेवढं. अगं, पण औषध आत गेलेलं दिसतं. पाण्यात काकवीचा थेंब सोडला की कसा तो खाली उतरताना धुरासारखा पसरतो, तसं. आतून दिसतं. मी माझ्याच डोळ्याच्या आत औषध विरघळताना बघितलं." तो थोडा थांबला. "एवढासा थेंब. सगळ्या अंगात न जाता तिथल्या तिथे."

पुढची इंजेक्शनं त्याने वेळेवर घेतली. वहिनीच्या म्हणण्यानुसार प्रत्येक वेळी आदल्या दिवशी त्याला काहीतरी होतं, कधी पोट, कधी डोकं, आणि प्रत्येक वेळी ते दवाखान्याच्या दारात बरं होतं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी नवा फोटो जुन्या फोटोशेजारी लावला. पहिल्यात गुंता होता. दुसऱ्यात त्या जागी बारीक, वाळलेली, जवळजवळ पांढरी रेघ होती. पुन्हा वाढू शकतो, डॉक्टर म्हणाल्या, लक्ष ठेवावं लागेल. धाग्यांपैकी बहुतेक विरून गेले. एक राहिला आहे. पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की तो दिसतो, असं दादा सांगतो.

भाचीचं काम अजून सुरू आहे. आता तिने अर्काचे दोन भाग वेगळे केले आहेत आणि तिला शंका आहे की त्यातला एक भाग अगदी थोड्या मात्रेत वाहिन्यांची वाढ रोखत नाही, उलट किंचित वाढवतो. शंका आहे, निष्कर्ष नाही, हे ती प्रत्येक वेळी बजावते, विशेषतः वडील खोलीत असताना.

"मी काही म्हणालो का?" दादा विचारतो.

"तुम्ही काही म्हणायची गरज नसते, बाबा. तुम्ही विक्रेता शोधता."

अंगठा राहिला होता. साखर आटोक्यात आणणं, पायावर भार न देणं, दिवसाआड पट्टी, मधल्या काळात मृत कातडी काढणं, हे सगळं पायाच्या डॉक्टरांकडे चालू होतं. बोट काढावं लागेल का, हा प्रश्न त्यांनी दोनदा उच्चारला होता आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला होता. जखमेचा तळ करडा होता, ओलसर, निर्जीव. तसाच राहिला तर काढावं लागेल, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि घरात कोणी ते बोलत नव्हतं.

मागच्या रविवारी मी कोपरला होते. पट्टी बदलायची वेळ होती. वहिनीने गरम पाणी, कापूस, जाळी असं सगळं मांडलं. दादा पलंगावर, पाय उशीवर. पट्टी सुटली. भाची जमिनीवर बसली आणि फोनचा दिवा लावून अंगठ्याजवळ धरला. मीही वाकून बघितलं. करड्या तळाच्या कडेने लाल दाणे आले होते, डाळिंबाच्या अगदी लहान दाण्यांसारखे ओले, चकाकणारे. खूप नव्हते. एका कडेला दाट, दुसऱ्या कडेला दोनचारच.

"काय दिसतंय?" दादाने विचारलं. त्याला इतक्या लांबून दिसत नव्हतं. "सांग की. पास की नापास?"

भाचीने दिवा हलवला नाही. "येतायत, बाबा."

"काय?"

"नव्या वाहिन्या. प्रत्येक दाण्यात एकेक झुबका आहे त्यांचा. म्हणून लाल दिसतंय. आपोआप येतायत, बघा. कोणी काही न घालता."

दादा पुढे वाकायला गेला, पोट आडवं आलं, पुन्हा मागे टेकला. "दिसत नाही," तो म्हणाला. "फोटो काढ आणि मोठा करून दाखव."

तिने फोटो काढला. तो त्याने दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा कपाळावर सारून फोन नाकाजवळ नेला. वहिनी पट्टी हातात घेऊन उभी होती.

"झालं का बघून?" ती म्हणाली. "उघडी ठेवू नका. माशी बसेल."

"थांब जरा," दादा म्हणाला. तो अजून बघत होता.